उमेदवाराचे कपडे

'इंटर्न' हा शब्द आता आपल्या घराघरांत रुळला आहे. मुलगी काय करते, असे कुणी विचारले की 'सध्या इंटर्नशिप चालू आहे' असे उत्तर मिळते आणि विचारणाराही समजल्यासारखी मान हलवतो. आपल्या आजोबांच्या पिढीत याला 'उमेदवारी' म्हणत. कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर बसायचे, कुणाच्या तरी हाताखाली काम शिकायचे आणि जागा रिकामी झाली की आपला विचार होईल या आशेवर दिवस काढायचे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. पुढे निवडणुकांनी हा शब्द आपल्याकडे ओढून घेतला आणि उमेदवारी म्हटले की मतपेटीच आठवू लागली, ही गोष्ट वेगळी. निवडणुकीच्या उमेदवाराला इंग्रजीत जो 'कँडिडेट' हा शब्द आहे, त्याचे मूळ मात्र आशेत नसून कपड्यात आहे. प्राचीन रोममध्ये पद मागणारा मनुष्य खडूने पांढरा केलेला झगा घालून लोकांपुढे येत असे. लॅटिन 'कँडिडस' म्हणजे शुभ्र. एका शब्दात मनातली आशा आहे आणि दुसऱ्यात अंगावरचे वस्त्र. नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाची अवस्था या दोन शब्दांच्या मधोमध कुठेतरी असते. आशा त्याच्या आत असते. लोकांना कपडे दिसतात.

त्या कपड्यांविषयीच येथे लिहावयाचे आहे. विषय सूचनाफलकावरचा वाटेल आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु जो नियम एकाने करायचा, दुसऱ्याने पाळायचा आणि ज्याचा खर्च तिसऱ्याच कुणाच्या तरी घरातून व्हायचा, त्या नियमात नीतीचा प्रश्न असतोच. शिवाय येथे एका माणसाची पारख होत असते, आणि तीही त्याचे काम पाहण्यापूर्वी.

आपल्या वडोदऱ्यात अशा उमेदवारांची वाण नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि आरंभीच्या वर्षांतच तेथे समाजकार्याचे आणि पुरातत्त्वाचे शिक्षण सुरू झाले. ही दोन्ही शास्त्रे वर्गाच्या चार भिंतींत शिकता येत नाहीत. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी प्रा. रमणलाल मेहता यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली देवनी मोरीची, चांपानेरची माती उकरली. समाजकार्याचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या वस्त्यांतून, इस्पितळांतून, खेड्यांतून हिंडत आले. गृहविज्ञानाच्या मुली अंगणवाड्यांत जातात, वास्तुशास्त्राची मुले मांडवीच्या आसपासच्या पोळांतील जुन्या घरांची मापे घेतात, प्राणिशास्त्राची मुले विश्वामित्रीच्या काठाने मगरी मोजतात. यांपैकी बहुतेकांचा दिवस दोन तुकड्यांचा असतो. सकाळी साडेसातची एस.टी. पकडून पादरा, वाघोडिया किंवा सावलीच्या बाजूला जायचे, दुपारपर्यंत उन्हात किंवा चिखलात काम करायचे आणि अडीच-तीनच्या सुमारास अलकापुरीतल्या वातानुकूलित कार्यालयात बैठकीला बसायचे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो. श्रावणात विश्वामित्रीचा काय भरवसा द्यावा! २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिने अर्धे शहर पाण्यात बसवले, हे आपण पाहिलेच आहे.

या मुलाने किंवा मुलीने सकाळी घरून निघताना काय घालावे? फील्डवर्कची पुस्तिका सांगते, कपडे सुटसुटीत, सुती, पूर्ण बाह्यांचे असावेत. कार्यालयाची पुस्तिका सांगते, कपडे 'फॉर्मल', इस्त्रीचे, स्वच्छ असावेत. दोन्ही सूचना रास्त आहेत. पंचाईत एवढीच की, दोन्ही सूचना एकाच देहाला, एकाच दिवसासाठी केलेल्या असतात आणि एका पुस्तिकेला दुसरीची वार्ता नसते.

या प्रश्नाकडे पाहताना आपल्याच शहराच्या इतिहासातले तीन प्रसंग माझ्या मनात सतत येतात.

पहिला १८९३ सालचा. अरविंद घोष केंब्रिजचे शिक्षण संपवून बडोद्यास आले. संस्थानच्या नोकरीत त्यांची पहिली नेमणूक सर्व्हे सेटलमेंट खात्यात झाली. नंतर महसूल, मग सचिवालय, आणि पुढे कॉलेजात अध्यापन. म्हणजे आरंभी तेही खात्याखात्यांतून काम शिकणारे उमेदवारच होते. त्यांना बंगाली शिकविण्यासाठी बडोद्यात येऊन राहिलेल्या दीनेंद्रकुमार राय यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत त्यांनी वर्णन केलेले अरविंद जाड्याभरड्या अहमदाबादी धोतरातले, अंगात मिरजई घातलेले आणि पायात चढ्या टोकांचे नागरा जोडे असलेले आहेत. महाराजांकडे जातानाही ते आपला नेहमीचा वेष बदलत नसत, असे राय सांगतात. वाचताना आदर वाटतो. साधेपणा म्हणजे काय, ते असे!

दुसरा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सयाजीराव महाराज जडजवाहिरांनी मढलेल्या राजेरजवाड्यांमध्ये साध्या पांढऱ्या पोशाखात उभे राहिले, सम्राटापुढे एकदाच झुकले आणि पाठ वळवून परतले. इंग्रजी वृत्तपत्रांत गदारोळ उठला. पोशाख हे बोलणे आहे आणि तेही अवज्ञेचे बोलणे आहे, असे सत्ताधाऱ्यांना वाटले. महाराजांना खुलासे करावे लागले. परंतु ते महाराज होते आणि महाराजच राहिले.

तिसरा प्रसंग १९१७ चा. ज्या तरुणाला सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले होते, तो डॉ. भीमराव आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत 'प्रोबेशनर' म्हणून. आजच्या भाषेत इंटर्न, कालच्या भाषेत उमेदवार. शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी सरायेत त्याने खोली मागितली. वरच्या मजल्यावर जाऊन त्याने बाहेरचे कपडे सैल केले, तेवढ्यात सरायेचा रखवालदार नोंदवही घेऊन आला आणि त्याची नजर उघड्या अंगाकडे गेली. पारशी माणसाच्या अंगावर असतात ते सदरा आणि कस्ती तेथे नव्हते. (आपल्या मराठीत 'सदरा' हा साधा रोजचा शब्द आहे, येथे तो माणसाच्या जातीचा दाखला होऊन बसला.) हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहिला आहे. नोंदवहीत पारशी नाव लिहून दिवसाला दीड रुपयावर त्यांनी तेथे दिवस काढले. सकाळी दहाला कचेरीत जायचे, रात्री आठच्या सुमारास परतायचे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याच दिवशी त्यांना सराय सोडावी लागली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कमाठी बागेत बसून घालवले. कचेरीतही शिपाई कागदपत्रे दुरून फेकत असत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे.

हे तीन प्रसंग एकाशेजारी एक ठेवले की साधेपणाविषयीची आपली समजूत थोडी हलते. अरविंदांच्या धोतराला आपण साधेपणा म्हणतो, कारण त्या धोतरामागे केंब्रिज आहे आणि ते सर्वांना माहीत आहे. सयाजीरावांच्या पांढऱ्या वस्त्रात आपल्याला बाणेदारपणा दिसतो, कारण जवाहिरांची पेटी घरी आहे. ज्याच्या मागे असे काही उभे नाही, किंवा विद्या उभी असूनही समाज ती मोजायला तयार नाही, त्याला साधेपणा परवडत नाही. त्याच्या अंगावरचा साधा कपडा साधा न दिसता हलका दिसतो. बाबासाहेब पुढे आयुष्यभर कोट-टाय-बुटांत नीटनेटके वावरले, त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. टीका करणाऱ्यांना कपड्यांची निवड करायची मुभा होती आणि ती सर्वांनाच असते, असे त्यांनी गृहीत धरले होते.

म्हणून 'कपडे साधे आणि सभ्य असावेत' हा निरुपद्रवी दिसणारा नियम सर्वांवर सारखा भार टाकत नाही. अलकापुरीतल्या डॉक्टरांच्या मुलाने चुरगळलेला कुडता घातला, तर तो कलावंत ठरतो. दाहोदहून किंवा छोटा उदेपूरहून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने तोच घातला, तर त्याला कुणीतरी बाजूला घेऊन हलक्या आवाजात समज देते. नियम एकच, कुडताही एकच.

येथे कुणी विचारील की, मग नियमच नसावेत काय? तसे मला म्हणायचे नाही. कपड्याला अर्थ असतो आणि तो पाहणाऱ्याच्या मनात तयार होतो, हे नाकारून चालणार नाही. विशेषतः फील्डवर्कच्या बाबतीत एक चुकीची कल्पना फार पसरली आहे. बाहेर धुळीत जायचे आहे ना, मग जुनेपाने, फाटके, विटलेले काहीही चालेल, अशी ती कल्पना. वस्तीत राहणारी बाई तलाठ्याच्या कचेरीत दाखला आणायला निघते तेव्हा काय करते, ते पाहावे. ती ट्रंकेतली त्यातल्या त्यात चांगली साडी काढते, मुलाचे केस पाणी लावून विंचरते. सरकारी उंबऱ्यावर जाताना ती आपल्या परीने कचेरीचा मान राखते. आणि त्याच कचेरीतर्फे, किंवा एखाद्या संस्थेतर्फे, तिच्या घरी येणारा विद्यार्थी गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली जीन्स घालून येतो. ती काही बोलत नाही. पण तिच्या घराला उंबरा आहे आणि त्याचाही मान असतो, हे त्या मुलाच्या मनात आलेले नसते. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरात आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे परिपत्रक काढले, त्यात जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपरला मनाई होती; कार्यालयात येणाऱ्या नागरिकांवर पडणाऱ्या छापाचा विचार त्यामागे होता. नागरिकाच्या दारात जाणाऱ्यांचा विचार अशा परिपत्रकांतून क्वचितच आढळतो.

मग जोतीराव फुल्यांचे काय? १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले होते. तेही फाटके कपडेच होते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की तो वेष त्यांनी शेतकऱ्यांपुढे केलेला नव्हता. जे शेतकऱ्याला कधी पाहत नाहीत त्यांच्यापुढे त्यांनी तो नेला. फाटक्या माणसापुढे जाऊन फाटके घालणे ही नक्कल होते. राजपुत्रापुढे घालणे ही साक्ष झाली. आमच्या उमेदवारांनी जोतीरावांचे अनुकरण करायचे असेल, तर फाटकी जीन्स वस्तीत नव्हे, संचालकांच्या बैठकीत घालावी. तेवढे धैर्य मात्र फारसे आढळत नाही.

जोड्यांचा प्रश्न याहून किचकट आहे आणि त्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण नियम लिहिणारे नेहमी शर्टापाशी थांबतात. विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यावर देखरेख करण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. त्या काळात मला जोड्यांनी जेवढे शिकवले तेवढे कुणी शिकवले नाही. आपल्याकडे घरात शिरताना पादत्राणे काढतात. पोळातल्या हवेलीत काढतात आणि पत्र्याच्या खोलीतही काढतात. नाडीचे बूट घालून गेलेल्या मुलाला एका सकाळी बारा घरे करायची असतील, तर बारा वेळा खाली बसून नाडी सोडावी आणि बांधावी लागते. तिसऱ्या घरापासून तो कंटाळतो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहूनच प्रश्न विचारू लागतो. उभ्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर उभ्यानेच मिळते, म्हणजे तोकडे. जी मुलगी साधी चप्पल सरकवून आत जाते, जमिनीवर बसते, पाण्याचा पेला हातात घेते, तिच्या वहीत त्याच घराची दोन पाने जास्त भरलेली असतात. (मोज्यांतून डोकावणारा अंगठा ही आणखी एक अडचण. बूट काढावे लागणार हे मुलांच्या ध्यानात येते ते पहिल्या घराच्या दारात, आणि मग संशोधन बाजूला राहून अंगठा लपविण्याचेच काम चालू राहते.)

उलट उत्खननावर किंवा नदीकाठच्या झाडोऱ्यात चप्पल हा निव्वळ धोका आहे. बाभळीचे काटे आहेत, विंचू आहेत, साप आहेत. तेथे पाय पूर्ण झाकणारे जोडे हवेत. पण टाचा जाड आणि जड असल्या की खणलेल्या खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि थरांची रेषा बिघडते. म्हणजे वस्तीत एक जोडा, खड्ड्यात दुसरा आणि कार्यालयात पॉलिश केलेला तिसरा. चांगल्या जोड्यांची आजची किंमत ज्यांना ठाऊक आहे त्यांनी, विद्यावेतन नसलेल्या किंवा नावापुरते असलेल्या मुलाच्या घरी हा हिशेब मांडून पाहावा.

मुलींच्या बाबतीत हिशेब याहून मोठा असतो. एका संस्थेत घडलेली गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते. एक विद्यार्थिनी सकाळभर वस्तीत पाहणी करून दुपारी कार्यालयात परतली. सलवारीच्या काठाला घोट्याच्या वरपर्यंत चिखल होता. त्या दिवशी बाहेरून पाहुणे आले होते. तिला कुणी रागावले नाही, उलट फार सौजन्याने सांगितले की, तू आज आत बस, तुझी टिपणे अमक्याकडे दे. तो अमका सकाळपासून कार्यालयातच होता. त्याचा शर्ट पांढरा स्वच्छ होता. त्याने तिची टिपणे पाहुण्यांपुढे चांगली वाचली, पाहुण्यांनी दोन प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे त्याला देता आली नाहीत, कारण ती आतल्या खोलीत बसलेल्या मुलीला ठाऊक होती. तिच्या सलवारीवरचा चिखल हा त्या अहवालातला सर्वांत खरा मजकूर होता असे मी म्हटले, तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

सावित्रीबाई फुल्यांची दोन लुगड्यांची हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. शाळेत शिकवायला जाताना वाटेत लोक चिखल, शेण अंगावर टाकत, म्हणून त्या जादा लुगडे बरोबर नेत आणि शाळेत पोचल्यावर ते नेसत, असे सांगतात. ही हकीकत त्यांच्या धैर्याची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात एक बारकावा आहे. वाटेवरचे लुगडे आणि वर्गातले लुगडे, दोन्हींची सोय जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी मिळून घरातून केली होती आणि बदलायला जागा शाळेत होती. समाजाच्या चिखलाचा खर्च त्या दोघांनी सोसला, मुलींच्या माथी मारला नाही. आज एखादी संस्था विद्यार्थिनीला चिखलात पाठवते आणि दुपारी ती स्वच्छ दिसावी अशी अपेक्षा धरते, तेव्हा दुसरे लुगडे कोणी आणायचे, आणि ते नेसायला दाराला कडी असलेली खोली कुठे आहे, हे प्रश्न संस्थेनेच स्वतःला विचारायला हवेत. विचारले जातात असा माझा अनुभव नाही. पुष्कळ कार्यालयांत पाहुण्यांसाठी प्रशस्त खोली असते. हातपाय धुऊन कपडे बदलता येतील अशी चार फूट जागा नसते.

आनंदीबाई जोश्यांचे उदाहरण जरा वेगळ्या बाजूने बोलके आहे. १८८३ साली ही मुलगी वैद्यक शिकायला फिलाडेल्फियाला गेली. तिकडच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायचे ठरवले. बडोद्यातल्या मराठी बायकांना यात नवल वाटणार नाही, त्यांच्या हाताला दोन्ही नेसणी सवयीची आहेत. परंतु हजारो मैलांवर हिंदुस्थानात बसलेल्या गोपाळरावांना ते खटकले आणि पत्रांतून ती नाराजी तिच्यापर्यंत पोचली. थंडी कोणाला वाजत होती आणि नेसणीचा निवाडा कोण करत होते, हे पाहिले की आजच्या पोशाख-नियमांचीही गंमत कळते. मे महिन्यातल्या दुपारी वाघोडियाच्या रस्त्यावर कोणते कापड अंगाला सोसते, हे ज्याच्या टेबलावर पंखा आहे त्याने ठरवू नये. वकिलांच्या पोशाखाच्या नियमांतसुद्धा सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा ठेवलेला नाही. काळ्या कोटाने उन्हापुढे माघार घेतली, तर पॉलिस्टरच्या फॉर्मल शर्टाने घ्यायला हरकत नसावी.

कारखान्यांच्या बाबतीत आपण हे फार पूर्वी समजून घेतले होते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात अशी तरतूद होती की, चालू यंत्राजवळ तपासणीचे किंवा वंगणाचे काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि हे कपडे कारखानदाराने पुरवावेत. दुसरा भाग महत्त्वाचा. कपडा कसा असावा हे सांगण्याचा अधिकार आणि तो पुरविण्याचे कर्तव्य कायद्याने एकाच माणसाच्या पदरात घातले. १९६१ च्या कायद्याने कारखान्यात शिकणाऱ्या करारबद्ध 'शिकाऊ उमेदवारा'लाही आरोग्य-सुरक्षेच्या बाबतीत कामगारासारखेच संरक्षण दिले. सरकारी मराठीने जुना शब्द येथे जपून ठेवला आहे, याचा आनंद वाटतो. महाविद्यालयाने चार-सहा महिन्यांसाठी पाठवलेला इंटर्न मात्र ना करारबद्ध असतो ना कामगार. त्याला पाहुणाही म्हणवत नाही, कारण पाहुण्याला कुणी कपड्यांवरून बोलत नाही. कलम त्याच्यापर्यंत पोचत नसेल, तरी कलमामागचा न्याय पोचायला काय हरकत आहे? ज्याला इस्त्रीचा शर्ट पाहायचा आहे त्याने इस्त्रीचे पैसे द्यावेत, किंवा इस्त्री मोडलेली पाहण्याची सवय करावी.

दुसरा पर्याय अधिक स्वस्त आहे. खाकी कापडाचा जन्म अशाच व्यवहारी शहाणपणातून झाला. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या 'गाइड्स' पलटणीसाठी लम्सडेन या अधिकाऱ्याने पांढऱ्या आणि लाल गणवेशांऐवजी मातकट रंगाचे कपडे आणले. 'खाक' म्हणजे धूळ; खाकी म्हणजे धुळीच्या रंगाचे. धुळीत काम करायचे तर कपड्याने धुळीशी भांडू नये, एवढाच त्यामागचा विचार. पुढे तोच रंग हुकमतीचा झाला आणि लोक त्याला भिऊ लागले, हा भाग निराळा. (म्हणूनच वस्तीत पाहणीला जाणाऱ्या मुलांनी खाकी पँट टाळावी, असे मी सांगत असे. दारे बंद होतात.)

शेवटी धुण्याचा प्रश्न उरतो आणि तो कोणत्याही पुस्तिकेत मी वाचलेला नाही. वसतिगृहातल्या मुलाजवळ बाहेर जाण्याजोगे कपड्यांचे दोन, फार तर तीन जोड असतात. आठवड्यातून तीन दिवस फील्डवर्क, पाचही दिवस कार्यालय. जाड जीन्स श्रावणात दोन दिवस वाळत नाही. वसतिगृहाच्या गच्चीवरची दोरी आधीच भरलेली असते आणि नळाला पाणी ठराविक वेळीच येते. घरी राहणाऱ्या मुलाचे कपडे आई धुते, किंवा घरकामाला येणाऱ्या बाई धुतात, किंवा यंत्र धुते, आणि सकाळी ते घडी करून पलंगावर ठेवलेले असतात. त्या घडीत किती जणांचे श्रम आहेत, हे त्या मुलाला सहसा माहीत नसते. वसतिगृहातल्या मुलाला ते चांगले माहीत असते, कारण रात्री साडेदहाला बादलीपाशी तोच बसलेला असतो. या दोघांना दुसऱ्या दिवशी एकाच टेबलापाशी, एकाच नजरेने पाहिले जाते.

मुले आपापल्या परीने यातून वाट काढतात. अलीकडे एस.टी. स्थानकावर सकाळी ती दिसतात तेव्हा मी त्यांच्या पिशव्यांकडे पाहतो. लवकर वाळणाऱ्या पातळ कापडाच्या पँट्स असतात, गडद रंगाचे कुडते असतात, मुलींच्या गळ्यात लांबरुंद सुती ओढणी असते. तीच उन्हात डोक्यावर, बसमध्ये नाकातोंडावर आणि कार्यालयात खांद्यावर नीट पडते. पाठीवरच्या पिशवीत एका बाजूला पाण्याची बाटली असते आणि दुसऱ्या बाजूला, वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या थैलीत घातलेला, दुपारसाठीचा चपलांचा दुसरा जोड.